आण्णाप्पांचं धुकं

आण्णाप्पा मगदूम फवारणी पंपाचं प्रत्येक नोझल स्वतःच्या गालावर तपासायचे. डोळे मिटून पंप मारायचे आणि एक जरी थेंब टोचला तरी ते नोझल भंगारात. दुपारपर्यंत माणूस ओढ्यातून काढल्यासारखा निथळत असायचा.

"थेंब पानावरनं घरंगळतोय, धुकं चिकटून बसतंय," हे ऐकवल्याशिवाय गिऱ्हाइकाला माल मिळत नसे.

मंगळवार पेठेत त्यांच्या समोरच माझं लेथचं दुकान. मीही नोझलच करतो. मलकापूरचे माझे एक जुने गिऱ्हाईक माझ्याकडे चहा प्यायले आणि माल घ्यायला समोर गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शेवटी मेहुण्याला पाठवून आण्णाप्पांचं एक नोझल मागवलं आणि करवतीनं उभं चिरलं. पितळ तेच, भोक तेवढंच. आत तिरक्या खाचा मात्र आरशासारख्या गुळगुळीत. मीही तशाच पाडल्या. माझं नोझल नुसतं गळायला लागलं. त्यात मेहुण्यानं सगळं आण्णाप्पांना सांगून टाकलं.

"चिरून काय कळतंय रे संभा? इचारायचं की!" ते रस्त्यातूनच ओरडले. "पाण्याला आत गरागरा फिरवायचं. भाईर पडताना त्येचा पातळ पडदा हुतोय. पडदा फाटला की धुकं!"

अख्ख्या पेठेनं ऐकलं. गुपित फुकट वाटून वर हसणाऱ्या माणसाचा जास्तच राग येतो.

मग एकदा त्यांचं दुकान चार दिवस बंद राहिलं. माझ्याकडे गर्दी. हे सुख किती टिकतंय ते बघायला पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या बायको, आमच्या काकू, उशीला टेकून बसल्या होत्या. लकव्याच्या झटक्यानं अर्धं अंग गेलेलं. पाण्याचा घोट घेतला की जीव घुसमटेपर्यंत ठसका लागायचा. म्हणून आण्णाप्पा एका चिमुकल्या पंपानं त्यांची जीभ ओली करत होते. तरी ठसका आलाच.

"अजून जाड पडतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "हात थरथरतोय माझा, खाच नीट पडंना. तू करून देतोस काय?"

दोन दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. सहावं नोझल जमलं. आण्णाप्पांनी ते काकूंच्या ओठांशी धरलं. ठसका आला नाही. काकूंनी ओठांवरून जीभ फिरवली आणि चांगल्या हातानं नवऱ्याचं मनगट धरून पंप पुन्हा तोंडाशी ओढला.

"ऐकलंस काय, ह्ये संभानं केलंय," आण्णाप्पा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या नवऱ्याकडेच बघत होत्या. आण्णाप्पांचा इतका हेवा मला आजवर कधीच वाटला नव्हता.