दर्शनी खिडकी

घराच्या आत माणसं राहतात आणि घराच्या बाहेर समाज राहतो. आतल्यांची संख्या पाच-सहाच्या वर सहसा जात नाही. बाहेरच्यांची मोजदाद नाही. तेव्हा बहुमताचा मान राखायचा, तर घर बाहेरून चांगलं हवं, हे उघड आहे. तरीही माणूस पिढ्यानपिढ्या छप्पर गळतं का, मोरी तुंबते का, असल्या खासगी बाबींत वेळ घालवत बसला आणि समाजाची घोर उपेक्षा झाली.

दातांच्या डॉक्टरांचं घर ही अशीच एक समाजाची उपेक्षा करणारी वास्तू होती. दुमजली, कधीकाळी पिवळी, पन्हळीखाली शेवाळाचा हिरवा ओघळ. वरच्या मजल्यावर डाव्या कोपऱ्यात एक खिडकी, आणि खिडकीत डॉक्टरांची आई. आई सकाळी चहा घेऊन तिथे बसायची, ती दिवे लागेपर्यंत. खालून जाणाऱ्या प्रत्येकाशी तिचं काही ना काही काम असायचं. "अगं, छत्री घेतलीस का? आभाळ बघ जरा!" "काय पोस्टमन, गुडघा काय म्हणतोय?" शाळेतून रेंगाळत येणाऱ्या पोरांची हजेरीही तीच घ्यायची. (या सेवेबद्दल नगरपालिकेने तिला कधी मानधन दिलं नाही. तिनेही मागितलं नाही, ही तिची चूक.)

घर असंच कुजत राहिलं असतं. पण शेजारच्या कंत्राटदारांनी आपल्या घराला पुढून राखाडी दगड लावून घेतला. मागच्या भिंतीला गिलावाही नव्हता, पण मागे कोण जातो? त्यानंतर एका सकाळी डॉक्टर दाढी करत असताना खालून एका टॅक्सीवाल्याचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी पत्ता समजावत होता. "ते पडायला आलेलं घर आहे ना, त्याच्या पुढचं!"

डॉक्टरांचा गाल कापला. दवाखान्यात त्या दिवशी त्यांचं चित्त नव्हतं (एका रुग्णाचं सुदैवाने होतं, त्याने वेळीच "हा नाही, पलीकडचा" म्हणून ओरडून दात वाचवला).

"लोक आपल्या घराला पडायला आलेलं म्हणतात," जेवताना ते बायकोला म्हणाले.

"मग आहेच ते पडायला आलेलं. आईंच्या खोलीत गळतंय म्हणून पातेलं ठेवलंय मी. वर जाऊन बघितलंत कधी?"

"ते बाहेरून दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दर्शनी सल्लागारांना बोलावणं गेलं. हे गृहस्थ काळे कपडे घालायचे आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून, एक डोळा मिटून घराकडे बघायचे. मागे वाहनं ठणाणा करत राहायची. घरात ते कधीच पाऊल टाकायचे नाहीत. आत गेलं की नजर बिघडते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"घर तुम्हाला काय सांगतंय, डॉक्टर?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

डॉक्टरांनी घराकडे पाहिलं. दारातून बायको म्हणाली, "मोरी तुंबलीय म्हणून सांगतंय."

"वहिनी, ते आतलं झालं. आम्ही कुणाच्या आतल्यात पडत नाही." सल्लागारांनी दुसरा डोळा मिटला. "ती खिडकी कोपऱ्यात कशी काय?"

"तिथे आईची खोली आहे."

"तरीच. तिच्यामुळे घर तिरळं दिसतंय. खिडकी मधोमध हवी."

"मधोमध जिना आहे. आणि वर पाण्याची टाकी."

"टाकी रस्त्यावरून दिसते का?"

पुढचे दात सरळ असावेत, या एका तत्त्वावर डॉक्टरांचा सगळा संसार उभा होता. त्यांना हा युक्तिवाद पटला. टाकीपुढे एक मोठी, रुंद, देखणी खिडकी बसवायची, तिच्यामागे पडदा, पडद्यामागे मंद दिवा. म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की आत एक सुखी कुटुंब आहे. सुखी कुटुंबाच्या खोलीतली खरी खिडकी तेवढी बुजवायची.

डॉक्टर आईला सांगायला वर गेले. पातेल्यात टप टप चाललं होतं.

"आई, तुझी खिडकी बंद करून घेतोय."

"वारा येतो म्हणून?"

"नाही गं. कोपऱ्यात आहे म्हणून."

"मीपण कोपऱ्यातच असते रे," आई म्हणाली. मग म्हणाली, "बरं. पण मी बघू कुठे?"

"टीव्ही लावून देतो इथे. सगळं जग दिसेल."

"जग कशाला? त्यात आपला पोस्टमन दिसतो का?"

डॉक्टर जिना उतरले. असल्या प्रश्नांची उत्तरं सल्लागारांच्या कामात मोडत नव्हती.

काम झालं आणि घर ओळखू येईना. राखाडी दगड, त्यावर उभ्या काळ्या पट्ट्या, संध्याकाळी खालून वर जाणारा प्रकाश. पुढच्या दरवाजाला हातांचे डाग पडू नयेत म्हणून घरची मंडळी मागच्या बोळातून ये-जा करू लागली. टॅक्सीवाले आता कंत्राटदारांच्या घराला "त्या भारी घराच्या अलीकडचं" म्हणू लागले आणि कंत्राटदारांचं जेवण कमी झालं. गल्ली सौंदर्य समितीने रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा मोठ्या बहुमताने लोकांनी आपण घराबाबत समाधानी असल्याचं कळवलं (कुणाच्या घराबाबत, हे समितीने विचारलं नव्हतं).

समितीच्या सुंदर घर स्पर्धेत मात्र घात झाला. परीक्षकांनी घर डोळे भरून पाहिलं आणि शेरा मारला: 'उत्तम. परंतु मनुष्यवस्ती जाणवत नाही.' फेरतपासणीसाठी पुढच्या रविवारी येतो, असंही ते म्हणाले.

"खिडकीत एखादी ज्येष्ठ व्यक्ती हवी," सल्लागारांनी निदान केलं. "त्याने घराला ऊब येते."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "आई आहे की आमची!"

"बसवणार कुठे? मागे टाकी आहे. शिवाय खऱ्या माणसाचा भरवसा नाही. उठतं, खोकतं, मध्येच झोपायला जातं."

सुताराला बोलावलं. त्याने आईला खुर्चीवर एका बाजूने बसवलं, हनुवटीखाली हात ठेवायला सांगितला आणि अंबाड्यापासून कोपरापर्यंत माप घेतलं. आईला वाटलं, आपल्यासाठी नवी खुर्ची होतेय. "हात जरा भक्कम कर हो," तिने सुताराला सांगितलं, "उठताना आधार लागतो." सुतार "हो आजी" म्हणाला आणि त्याने पट्टी घाईघाईने खिशात घातली.

रविवारी मंद दिव्यापुढे, पडद्याआड, प्लायवूडची आई बसली. पहिला क्रमांक मिळाला, दर्शनी भिंतीवर बक्षिसाची पाटी लागली. ऊब विशेष उल्लेखनीय, असं परीक्षक म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एकदा डॉक्टर दवाखान्यातून लवकर परतले. समोरच्या टेलरच्या दुकानाबाहेर स्टुलावर आई बसलेली होती. मागच्या बोळातून, भिंतीला धरत धरत, आख्खा वळसा घालून ती तिथवर आली होती. वर आपल्या घराकडे टक लावून बघत होती.

"आई? इथे काय करतेस?"

"बघत बसलेय. ती बाई सकाळपासून जागची हललेली नाही रे. तिला कुणी पाणीबिणी विचारतं का?"

डॉक्टरांनीही वर बघितलं. तेवढ्यात पिशवी घेतलेली एक शेजारीण वर बघून हात हलवत गेली. "काय आजी, जेवण झालं का?" आईने तोंड उघडलं, "झालं गं" म्हणाली, पण शेजारीण वरच बघत होती.

त्या संध्याकाळी डॉक्टर आईच्या खोलीत गेले. बुजवलेल्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला. भिंत ओली होती. मग त्यांनी सल्लागारांना फोन लावला. खिडकी पुन्हा उघडता येईल, सल्लागार म्हणाले, काही अडचण नाही. फक्त बक्षिसाची पाटी काढावी लागेल. डॉक्टर बराच वेळ फोन कानाला धरून उभे होते. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

सकाळी डॉक्टरांनी निर्णय घेतला, आणि मुलगा म्हणून तो घेताना त्यांना हलकं वाटलं. त्यांनी टेलरच्या दुकानाबाहेर आईसाठी एक चांगली खुर्ची ठेवून दिली. गादीची, भक्कम हातांची. रंग राखाडी घेतला, म्हणजे घराला शोभेल.

आता आई रोज तिथे असते, आणि ते घर बघायला लांबून लांबून माणसं येतात. तुम्हीही याल. डॉक्टरांना हसत हसतच याल, कारण तुम्ही समजूतदार आहात. त्या खिडकीतल्या म्हातारीकडे बघून तुम्हाला गलबलून येईल, घरी फोन करायचा राहिलाय हे आठवेल, आणि फोन हातात आलाच आहे तर तुम्ही आधी फोटो काढायला घ्याल. घर पुरतं मावत नाही म्हणून मागे सराल, टेलरच्या दुकानापर्यंत. तिथे खुर्ची मध्ये येईल.

"आजी," तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणाल, "जरा बाजूला होता का?"

होईल ती. खुर्चीच्या हाताला धरून उठायला वेळ लागतो थोडा, तेवढं थांबा.