मनकर्णाबाईंच्या मनात काय?

"त्या रामकिसनचं शास्त्र मी एका दुपारात वाळत घालतो की नाई, पाहाच तुमी!" ओल्या लुगड्याला पीळ देत मनकर्णाबाईंनी नवऱ्याला बजावलं. उकंडरावांनी नुसती मान हलवली. लग्नानंतर ते तेवढंच शिकले होते!

रामकिसन म्हणजे त्याच घरात राहणाऱ्या धाकट्या जावेचा, गोजराबाईंचा मुलगा. इंग्रजांच्या त्या अमदानीत केनवड गावातून नागपूरच्या कॉलेजात गेलेला पहिलाच. तो वकील होणार म्हणून मनकर्णाबाईंना वर्षभर अन्न गोड लागलं नव्हतं. पुढं कळलं, त्यानं मानसशास्त्र घेतलं, म्हणजे मनाचं शास्त्र. त्या रात्री त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या! "मन कायले शिकाव लागते वं? ते तर गाढवालेबी असते!"

पण गावाचं डोकं निराळं. रामकिसन मनातलं ओळखतो, अशी हूल उठली. तो सुटीत आला, तशी कोणाची हरवलेली म्हैस, कोणाची रुसलेली सून, सगळं त्याच्यापुढं येऊ लागलं. "अहो, तसं नसते ते!" तो कळवळून सांगे. जितकं नाही म्हणे, तितका लोकांचा विश्वास वाढे. आणि गोजराबाई? दारात अशा बसत, जशी काही देवळाची पुजारीण!

हेही मनकर्णाबाईंनी सोसलं असतं. पण आसेगावच्या पाटलांची जी मुलगी त्यांनी आपल्या मुलासाठी, इंद्रभानसाठी हेरून ठेवली होती, तिच्यासाठी पाटील रामकिसनला पाहायला येणार होते! तेव्हा बेत ठरला: पाटलांसमोर रामकिसनची फजिती करायची, म्हणजे पाटील आपोआप इंद्रभानकडं वळतील.

पाटील आले. पुरुष ओसरीवर, दोघी जावा दाराआड. पोहे पुढं येण्याआधीच आतून आवाज आला, "रामकिसन, सांग बरं, माह्या मनात काय हाये?"

"मोठीमाय, असं नाई सांगता येत. मी एक शब्द बोलतो. तुमच्या मनात पयला येईन तो तुमी बोला. आमचे मास्तर असंच करतेत."

पाटील सरसावून बसले. मनकर्णाबाई सावध झाल्या. मनात तर काठोकाठ गोजराच भरलेली! तोंडातून निसटली तर? पण त्या काय कच्च्या गुरूच्या चेल्या? समोर रांजण दिसला आणि त्यांनी ठरवलं, कुठल्याही शब्दाला एकच उत्तर द्यायचं!

"दिवाळी?"

"पाणी!"

"बैल?"

"पाणी!"

"पुरणपोळी?"

"पाणी!"

"मोठीमाय, जरा मनातलं..."

"पयला येईन तोच म्हणला नं? पाणी!"

"सून?"

इथं जीभ अडखळली. 'माही' हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. तो गिळून त्या दुप्पट जोरानं ओरडल्या, "पाणी! पाणी!"

पाटलांचा चेहरा उतरला. "उकंडराव, तुमची विहीर कुठीसा हाये?"

"हे काय, नाल्यापल्याड."

"अन् उनाळ्यात?"

"उनाळ्यात दुसरी. ते जराशी लांब हाये."

"मंग बराबर!" पाटील उठलेच. "सुनेचं नाव काढलं की बाईच्या मनात पाणीच पाणी! माही पोरगी काय जलमभर घागरी वाहाले देऊ? पोरा, तुह्यं शास्त्र खरं हाये, बाप्पा! वाचलो मी!"

पोहे तसेच राहिले. मुलगी किन्हीराजा या गावी दिली. त्या घरी आंगणातच विहीर होती.

मनकर्णाबाईंना दोन दिवस बरं वाटलं. आपला नाही तर नाही, तिचाही नाही! तिसऱ्या दिवशी मॅट्रिक झालेला इंद्रभान म्हणाला, "माय, मी नागपूरले जातो. मलेबी मनाचंच शास्त्र घ्याचं हाये."

"काहून रे?"

"या घरात काय चालू राह्यलं, ते शिकल्याबिगर समजणार नाई मले!"

शब्द टोचला. पण आपलाही पोरगा कॉलेजात! पदर सावरून, गावभर सांगायला मनकर्णाबाई ओसरीवर आल्या, तर गोजराबाई समोरच बसलेल्या. तोंडावर माया अशी, की खवा!

"जाऊ द्या नं त्याले, बाई! फकत पुस्तकं नवे घेऊ नोका. आमच्या रामकिसनचे जुने पडले हायेत, तेच वापरीन तो!"