ऐकले नाही असे समजावे

शेलूबाजारच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक गाव आहे. त्याचं नाव इथे देता येत नाही, कारण पुढील प्रकरण गोपनीय आहे. एकोणीसशे शहात्तरच्या सुमारास या गावाच्या पोस्टात एक फोन होता. अकोल्याचा आवाज त्याच्यापर्यंत मजल दरमजल करत येई. तारेवर खरखर वाढली की मधल्या ठिकाणचा माणूस ऐकलेलं पुढे ओरडून सांगे. पोस्टातून बोलणाराही असा काही ओरडे, की तार काढून घेतली असती तरी निरोप मंगरूळपर्यंत सहज गेला असता. समोरच चांदभाईचं चहाचं हॉटेल. तिथे बसून गाव सगळ्यांचे निरोप ऐकत असे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वावगं वाटलं ते एका व्यापाऱ्याला. त्याने फोनवर सरकीचा भाव विचारला आणि तो पोस्टाची पायरी उतरायच्या आत बाजारात तोच भाव बोलला जाऊ लागला. त्याने वर तक्रार केली, आणि वरून परिपत्रक आलं. दूरध्वनीची सुरक्षितता धोक्यात आली असल्याने यापुढे निरोप ठेवणाऱ्याने सोबत एक खूणशब्द द्यावा. निरोप घेणाऱ्याने तो स्पष्ट व मोठ्याने उच्चारल्याखेरीज त्यास निरोप देऊ नये. तीन वेळा चुकल्यास निरोप रद्द समजावा. ओरडण्याबद्दल परिपत्रकात एक अक्षर नव्हतं. मात्र पोस्टाबाहेर पाटी लागली: ‘येथील संभाषण गोपनीय आहे. ज्यांच्या कानी पडेल त्यांनी ते ऐकले नाही असे समजावे. वाच्यता केल्यास कारवाई होईल.’ त्या दिवसांत ‘कारवाई’ हा शब्द लोक फार मनावर घेत असत.

या सुरक्षिततेत पहिला सापडला देवमन मापारी. त्याची बायको वच्छला बाळंतपणासाठी माहेरी, अकोल्याला गेली होती. मागच्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं आणि वच्छलाही जाता जाता राहिली होती. त्यामुळे देवमन आठवडाभर मापं चुकत होता, आणि लोक मोठ्या मनाने सांभाळून घेत होते. तो शेलूबाजारला धान्य मोजायला गेला आणि नेमका त्याच सकाळी त्याच्या सासूचा, विमलबाईचा फोन आला.

पोस्टमास्तर रामकिसनजींचा उजवा कान खात्याच्या सेवेत कामी आला होता. डाव्या कानाने ऐकलेलं खात्रीसाठी मोठ्याने उच्चारायची त्यांना सवय होती. त्यांनी निरोप दोनदा उच्चारला. खूणशब्द तर फोड करकरून चार वेळा उच्चारला. हॉटेलात चहा पिणाऱ्यांचे कप हवेतच राहिले. निरोप काय होता ते इथे सांगता येत नाही; पाटी आहे.

दुपारी देवमन जीपमधून उतरला. एरवी त्याला पाहून चारजण हाका मारायचे. आज सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"चांदभाई, अकोल्याचा फोन आल्ता का?"

"आल्ता," चांदभाई कपबशीकडे पाहत म्हणाला. "पन आमी आयकला नाई."

"आयकला नाई म्हंजे? तुमाले तर मंगरूळचाबी आयकू येते!"

चांदभाईने खांद्यावरचं फडकं तोंडात कोंबलं आणि पाठ फिरवली. त्याचे खांदे गदगदा हलत होते. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. देवमन तसाच पोस्टाकडे वळला. मागच्या वेळीही लोक असेच गप्प बसले होते.

तो पोस्टात शिरला. "मास्तर, वच्छी जित्ती हाये का तेवढं सांगा."

"खूणशब्द," रामकिसनजी म्हणाले.

"मास्तर, तुमी मले लहानपनापासून वयखता!"

"मी ओळखतो. खातं ओळखत नाही. निरोप ठेवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, बायकोला घरात ज्या नावाने हाक मारतोस ते नाव. त्यांनी ते एकदा दाराआडून ऐकलंय म्हणे."

देवमनचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "वच्छला," तो म्हणाला.

"एकदा चुकला."

"मंग... 'अवं'. साऱ्यायच्या देखत तसंच म्हंतो मी."

"दोनदा चुकला. आता एकदाच."

देवमनने दाराकडे पाहिलं. अख्खा बाजार दारात उभा होता, मान खाली घालून. ते नाव त्याने चार भिंतींच्या बाहेर कधी काढलं नव्हतं. वच्छलाने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याच्याकडून तशी शपथ घेतली होती. पण ती जिवंत आहे की नाही, हे ते नाव घेतल्याशिवाय कळणार नव्हतं. तो वाकून मास्तरांच्या उजव्या कानात पुटपुटला.

"हा कान खात्याचा आहे," रामकिसनजी म्हणाले. "स्पष्ट व मोठ्याने!"

"बोरकूट!" देवमन पोटापासून ओरडला. "मी तिले बोरकूट म्हंतो! आता सांगा, जित्ती हाये का माही बोरकूट?"

बाहेर एवढा वेळ दाबून धरलेलं सगळं फुटलं. चांदभाईच्या तोंडातलं फडकं निघालं, म्हातारा पोट धरून खाली बसला. रामकिसनजींनी शब्द जुळल्याची खात्री केली आणि निरोप दिला: "मुलगी झाली. दोघी खुशाल. काळजी करू नये."

देवमन पोस्टाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. चांदभाई चहा घेऊन आला. "सकाळपासून साऱ्यायले मालूम होतं, भाऊ."

"मंग सांगतलं काहून नाई बे? माहा जीव जाऊन राह्यला होता!"

"कसं सांगाव? पाटी हाये ना!"

रामकिसनजींनी वर अहवाल पाठवला, की नवी पद्धत यशस्वी झाली असून अनधिकृत व्यक्तीस निरोप मिळाला नाही. वर सर्वांना समाधान वाटलं. निरोप गावभर झालेला असताना त्यातून एकटा देवमनच वगळला गेला होता, आणि त्यालाच तर खातं ओळखत नव्हतं.

सव्वा महिन्याने वच्छला पोरीला घेऊन जीपमधून उतरली. हॉटेलातल्या सगळ्यांनी शिस्तीत माना खाली घातल्या.

"गावाले काय झालं? कोनाले काई सांगतलं तं नाई ना तुमी?" तिने विचारलं.

"कोनालेच नाई," देवमन म्हणाला.

आता तुम्हीही ऐकलंत, आणि खूणशब्द न देता ऐकलंत. हसलात तेही दिसलं. देवमन कधी भेटलाच तर मान खाली घाला. आणि स्वतःच्या मोबाइलचा खूणशब्द तेवढा आजच बदलून टाका. घरातल्या कुणाचं तरी लाडाचं नाव ठेवलंय तुम्ही, आणि पुढे जन्मसाल. आम्ही ते ऐकले नाही असे समजावे.