अक्कांचं फुलपात्र

शकुअक्का बोलता बोलता मध्येच थांबतात आणि समोरच्या भरल्या फुलपात्राकडे टक लावून बघतात. पाणी प्यायचं नसतं. क्षणभर बघून म्हणतात, "हललं न्हाई. म्हंजे मीच हाय," आणि पदरानं वारा घेत अर्धवट राहिलेली चुगली पुढे सुरू करतात.

लातूरला आमच्या शेजारी त्यांची मेस आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावहून क्लासला आलेल्या तीस मुली तिथं जेवतात, काही माडीवर राहतात. मी मूळची मुदखेडची, एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. पण अक्कांपुढे माझं शास्त्र चालत नाही. भेटलं की त्या नमस्कार करत नाहीत, थेट विचारतात, "पोट काय म्हणतंय?" एका लग्नात आमच्या क्लासच्या सरांनाही विचारलं. ते बिचारे "ठीक आहे" म्हणाले, तर अक्का म्हणाल्या, "ठीक म्हंजे? रोजच्या रोज?"

फुलपात्राची कथा अशी. पाळी जायच्या दिवसांत अक्कांच्या अंगातून वाफा निघू लागल्या, छाती धडधडू लागली. एका दुपारी मुलींना वाढताना अशीच धडधड झाली आणि त्यांना वाटलं, जमीनच हलतेय. "भूकंप! पळा!" तीस मुली खरकट्या हातांनी रस्त्यावर आल्या. गिरणीवाला गिरणी चालू टाकून पळाला. लातुरात हा शब्द कुणी चेष्टेत घेत नाही, त्यामुळे अर्धी गल्ली बाहेर उभी होती. जमीन तेवढी गप्प होती. तेव्हापासून अक्का भरलं फुलपात्र समोर ठेवतात: पाणी हललं तर भूकंप, नाही हललं तर धडधड आपलीच.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हे वयाचं आहे. त्यांनी कॅल्शियम दिलं. बाकीचं संशोधन अक्कांनी स्वतः केलं. पोटात चांगले जंतूही राहतात, हे एका मुलीनं पुस्तकातून वाचून दाखवल्यावर त्यांना भरून आलं. "तीस पोरींला घालते, त्यात ह्ये आनखी थोडे!" मग रोज ताक आणि ज्वारीची आंबील सुरू झाली. सासूच्या पानदानात चुन्याच्या जागी कॅल्शियमच्या गोळ्या आल्या, सुपारीच्या जागी भाजलेले जवस. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलींच्या चटणीत जवस जरा सढळ हातानं घातले. माडीवर संडास एकच. रांग जिन्यापर्यंत आली होती. "हात सुटला माझा," एवढंच त्या म्हणाल्या.

यंदा माझी पाळी अनियमित झाली. शिकवता शिकवता घामानं ब्लाउज भिजायचा, छातीत घोडे धावायचे. माझे वडील हृदयविकारानं गेलेले. आपलंही तेच, असं मी ठरवून टाकलं आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. क्लासचा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. त्याच दिवशी अक्कांनी मला फाटकातच धरलं, आत नेऊन बसवलं आणि फुलपात्र माझ्यापुढे सरकवलं.

"बघ सुमन. हललं का?"

"नाही."

"मंग तूच हायस. कवापास्नं?"

मी सगळं सांगून टाकलं. "उद्या डॉक्टरकडं मी येते. हृदयाचं आधी बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "तवर आंबील पी."

मी जरा चिडूनच विचारलं, "अक्का, तुम्ही प्रत्येकीच्या एवढ्या मागे का लागता?"

अक्का पानदान उघडून जवस निवडत बसल्या. निवडलेलेच होते ते.

"मला सांगाया कुणी उरलंच न्हाई, बाई. मी इकडं सासरी व्हते म्हनून वाचले. माहेरी आई, दोघी चुलत्या, थोरली बहीण, सगळ्या भूकंपात एका पहाटंच गेल्या. अंगातून वाफा निघाल्या तवा वाटलं, मलाच कायतरी भलतं झालं. कुनाला इचारू? आई असती तर म्हनली असती, अगं, ह्ये समद्यांलाच व्हतं."

मला रडू आलं. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कोण जाणे. जवसात घोटाळणारा त्यांचा हात मी धरला.

"अक्का, भिऊ नका. हे सगळ्यांनाच होतं."

हे वाक्य त्यांनी गल्लीतल्या किती बायकांना ऐकवलं असेल. त्यांना मात्र ते आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. बराच वेळ त्यांनी फुलपात्राकडे बघितलं नाही.

मग नाक पुसून म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. पोट काय म्हणतंय?"