सरूकाकी आणि जलतारण

आमच्या गावच्या तळ्यात पोहायला उतरायचं तर आधी सरूकाकीला तळवे दाखवावे लागत. हाताचे नव्हेत, पायाचे. वरच्या पायरीशी एक दगडी डोण भरलेली असे. तिच्यातल्या पाण्याने पाय धुवायचे, मग एका पायावर उभं राहून दुसरा मागे वळवायचा आणि काकी मान हलवीपर्यंत तसंच थांबायचं, नाल ठोकून घेणाऱ्या घोड्यासारखं. एखादा डुगडुगू लागला तर काकी म्हणायची, "पडायचं तर वरच पड. पान्यात घान नगं."

मी या गावात शाळामास्तर म्हणून रुजू झालो ते साल पंचावन्न की छप्पन्न असेल. पहिल्याच रविवारी पंचा खांद्यावर टाकून तळ्यावर गेलो, तर काठी आडवी आली.

"तळवं दाव."

"अहो, मी शाळेतला नवा मास्तर."

"मंग? मास्तरला पाय नसत्यात व्हय?"

चार विद्यार्थी पाण्यातून टकामका बघत होते. त्यांच्या देखत मी बगळ्याचा अवतार घेतला. काकीने वाकून नीट पाहिलं आणि निकाल दिला, "डाव्या टाचंला शेन हाय." होतंच. मुकाट्याने परत डोणीकडे गेलो.

काकी पन्नाशीची. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला गिरणीत. जमीन दिराकडे कसायला. सकाळची भाकरी झाली की ती फडक्यात बांधून तळ्यावर यायची ती दिवेलागणीलाच घरी जायची. तिला तिथं कुणी नेमलं होतं, असं विचाराल तर कुणीच नाही.

तसं तळं पंचायतीचं. चौकोनी, घडीव दगडाचं, चारी बाजूंनी पायऱ्या. प्यायच्या पाण्याची विहीर निराळी, त्यामुळे हे पाणी पोहण्यासाठी मोकळं. आसपासच्या गावांतली सगळी पोरं इथंच पोहायला शिकली. उन्हाळ्यात तर पुण्याची कॉलेजातली मुलं बावधन, भुकूम करीत सायकली दामटत यायची. गर्दी वाढली तशा तक्रारी वाढल्या. पायऱ्यांना शेवाळ धरतं, पूर्वेची भिंत फुगलीय, तळाशी गाळ साचलाय, पुण्याची पोरं साबण लावून आंघोळी करतात, कुणीतरी म्हशी धुतं. हे 'कुणीतरी' म्हणजे सरपंचांचा गडी, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून नाव कुणी घेत नव्हतं.

पंचायतीने तळ्याची देखभाल करायला एक समिती नेमली. समितीने राखणदार नेमायचं ठरवलं. पाच सभासद, आणि पाचही जणांचा एकेक भाचा राखणदारीला अगदी लायक! सहा महिने त्यावर खल झाला. तेवढ्यात काकीने काठी घेऊन वरच्या पायरीवर बैठक मारली. समितीला सुटल्यासारखं झालं. म्हशी बंद झाल्या, साबणाच्या वड्या जप्त झाल्या, आणि सरपंच विठूदादांनासुद्धा धोतर सावरीत तळवे दाखवावे लागले.

पोहणाऱ्यांवर तिची टीका सतत चालू असे. "आरं, पानी मळतुयास काय? ती कनीक न्हाई." "मान वर काढ, पान्यात तुझं काय पडलंय?" पुण्याच्या एका पोराने ऐटीत सूर मारला आणि पोट सपकन आपटून घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "वाजलं लई. हलगीला घ्या ह्याला." तो पोरगा पुन्हा आला नाही. पण बाकीचे तिच्या शिव्या खायलासुद्धा यायचे.

फुगलेली भिंत आणि गाळ मात्र काठीने हटणारे नव्हते. म्हणून पंचायतीतर्फे मी कचेरीला एक अर्ज लिहिला. आठ महिने काही नाही. आणि उत्तर आलं ते नेमकं मी दोन दिवस पुण्याला गेलो असताना.

विठूदादांचं वाचन म्हणजे बोट ठेवून एकेक अक्षर पुढे सरकवायचं. सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करता करता शिकलेलं. कागदात लिहिलं होतं, 'आपल्या गावातील जलतरण तलावाची मोजणी करण्यासाठी अधिकारी येतील. तोपर्यंत तलावात कोणासही उतरू देऊ नये.' दादांचं बोट 'जल'वरून पुढे गेलं आणि ओळखीच्या शब्दावर येऊन थांबलं. तारण. सोसायटीच्या प्रत्येक कागदात तो शब्द असायचाच.

"आरं, तळं तारण गेलं!" दादा ओरडले.

झालं. तासाभरात गावभर झालं. सरकारने तळ्याचं पाणी तारण लावून घेतलंय, आता मोजणी, मग लिलाव. कुणी ठेवलं तारण? समितीने. समितीत कोण? मास्तर अर्ज लिहितो, म्हणजे मास्तरच! मी एस.टी.तून उतरलो तेव्हा पारावर एकाही माणसाने मला रामराम केला नाही. बाकी सगळा गाव तळ्यावर होता, म्हणून मीही पिशवीसकट तिकडेच निघालो.

तळ्यापाशी एक जीप उभी होती. खाकी कोटातले ओव्हरसियरसाहेब, त्यांचा शिपाई, आणि शिपायाच्या खांद्यावर मोजणीची लोखंडी साखळी. पायरीवर काकी.

"बाई, मला खाली उतरून माप घ्यायचंय."

"तळवं दाव."

साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते अख्ख्या गावाने पाहिलं. पाय धुऊन, शिपायाच्या खांद्याचा आधार घेऊन सरकारने तळवा दाखवला. आता काकी काहीतरी झणझणीत बोलणार म्हणून लोक सरसावले.

पण काकीचं लक्ष तळव्याकडे नव्हतंच. शिपायाने खांद्यावरची साखळी खणकन खाली टाकली होती आणि ती साखळीकडे बघत राहिली होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. काठी हातात होती, पण ती उगारायचं तिला सुचलं नाही. खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, "मोजू नगासा. पाया पडते, मोजू नगासा."

या बाईला कुणाच्या पाया पडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मी पुढे झालो. "दादा, तो कागद बघू." वाचला आणि आधी मलाच हसू फुटलं. "अहो, तारण नाही! तरण. जलतरण."

"म्हंजी?"

"पाण्यात तरणं. पोहणं. जलतरण तलाव म्हणजे पोहायचं तळं."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग पोहायचं तळं आसं लिवाया काय झालंतं?" साहेब एका पायात मोजा घालता घालता हसत सुटले आणि तोल जाऊन डोणीत बसले. गावाला हसायला तेवढं पुरलं. विठूदादा तर डोळे पुसत मला मिठीच मारायला आले. सकाळपासून मीच तळं विकल्याचं तेच सांगत फिरत होते, ते मी तेव्हापुरतं विसरलो.

मोजणी भिंतीच्या दुरुस्तीसाठी होती. गाळ गावाने श्रमदानाने काढायचा, भिंत सरकार बांधून देणार. तळं गावचंच राहणार. साहेबांनी हे तीन वेळा सांगितलं, एकदा खास काकीकडे वळून. तेव्हा तिने साखळीला हात लावू दिला.

उन्हं कलली, जीप गेली, लोक पांगले. काकी पायरीवर तशीच बसून होती. मी शेजारी टेकलो.

"काकी, एवढं काय भ्यालात?"

"आमच्या गावाला पन आसंच झालंतं, मास्तर." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "वर, धरणात गेलं त्ये गाव. आकरा वर्साची व्हते मी. आदी कागुद आला. मंग साखळी आली. मंग झेंड्या रवल्या. मंग पानी आलं."

मला या गावात येऊन चार वर्षं झाली होती. तिला माहेर आहे की नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दिवाळीला, पंचमीला गावच्या सगळ्या सुना माहेरी जात, ही तळ्यावर बसलेली असे, आणि आम्ही समजत होतो की हिला तळ्याचं वेड आहे. मला स्वतःची लाज वाटली.

"ह्या पान्यानं कुनाचं घर घेतलं न्हाई," ती म्हणाली. "म्हनून ह्येला जपायचं."

मग उठली, काष्टा घट्ट खोचला, पायऱ्या उतरली आणि पाण्यात शिरली. आवाज नाही, शिंतोडा नाही. लांब, संथ हात मारत पलीकडच्या काठाला गेली आणि श्वाससुद्धा न चढता वळली. आमच्या गावात तसं पोहणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काकी," मी ओरडलो, "इतकं छान पोहता येतं तुम्हाला?"

"याया नगं व्हय, मास्तर?" पलीकडून तिचा खणखणीत आवाज आला. "म्हायेर पान्याखाली हाय माजं. मी काय गाडीनं जाऊ?"

आणि हसत, पाणी कापीत ती माझ्याकडे येऊ लागली.