काढा लागू पडला

चारकोपच्या आठ घरांच्या त्या ओळीत एकाच आठवड्यात सर्वांची पोटे बिघडली, तेव्हा कुंडलिकरावांच्या मुखावर जे समाधान पसरले, ते शेजारधर्मास शोभणारे नव्हते. परंतु त्यांचा हेतू शुद्ध होता. कुड्याची साल आणि काडेचिराईत यांचा काढा ही त्यांच्या आजोळची विद्या असून, निवृत्तीनंतर ती जनतेच्या सेवेस लावण्याची त्यांना तळमळ लागली होती. जनता मात्र तो कडूजहर काढा प्राशन करीत नव्हती.

त्यांनी घरोघरी स्वहस्ते पेला पोहोचविला. "घेते हं काका," असे म्हणून शेजारच्या लताने तो आदराने स्वीकारला. तिसऱ्या दिवशी तिच्या दारातील मोगरा वाळला आणि कुंडलिकरावांना सत्य उमगले.

"माझ्या काढ्यात दम नाही, असं वाटतं काय गं लोकांना?" त्यांनी व्याकूळ होऊन सुनेस विचारले. सून नीलम ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती.

"दम आहे ना बाबा! कुड्याच्या सालीनं जंतू मरतात, काचेच्या बशीत तपासून बघितलंय लोकांनी. पण पोटातले मरायला तो आधी पोटात तर जायला पाहिजे! आणि मला पाण्याचाच डाउट आहे. टाकी कधी धुतली होती?"

ओळीचा कारभार पाहणारा लताचा नवरा विद्याधर भिंतीपलीकडून ओरडला, "टाकी एकदम क्लीन आहे! मी स्वतः वर चढून बघितलीय. तरी धुऊ ना, येत्या रविवारी."

हा येता रविवार विद्याधरच्या बोलण्यात वर्षभर येतच होता.

कुंडलिकरावांच्या मनात मात्र सुनेचे एकच वाक्य घर करून बसले. काढा पोटात गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मोठे पातेलेभर काढा आटवून किटलीत भरला आणि शिडी चढून ते सामाईक टाकीपाशी पोहोचले. चष्मा पाण्यात पडू नये म्हणून तो त्यांनी खिशात ठेवला. त्यामुळे झाकण उघडल्यावर आत काय आहे, हे त्यांस दिसले नाही. लोककल्याणाची भावना मनी धरून त्यांनी किटली उपडी केली.

"लता, चहात साखर टाकायला विसरलीस काय?" त्या सकाळी विद्याधरने विचारले.

"तीन चमचे टाकलीय! तुझ्याच तोंडाला चव नाही."

"मग तू पिऊन बघ!"

लताने पिऊन पाहिला आणि थेट मोरीकडे धाव घेतली. पलीकडच्या घरी दूधवाल्याचा उद्धार चालला होता. त्यापलीकडे एक गृहस्थ नव्या टूथपेस्टला शिव्या देत होते. दुपारी वरणही कडू लागले, तेव्हा सारी ओळ दारासमोर जमली.

कुंडलिकरावांच्या पत्नी मीराबाईंनी पाण्याचा एक घोट घेतला. उभा संसार त्यांनी या चवीसोबत केला होता.

"अहो."

"काय?"

"काही नाही. चष्मा लावा, खिशातून पडेल."

"पाण्यात कायतरी मिसळलंय! वाट लागली!" विद्याधर किंचाळला. "आत्ताच्या आत्ता टाकी खाली करा!"

प्लंबरला पाचारण करण्यात आले. त्याने टाकीतून बादल्या भरभरून गाळ काढला, कबुतराची पिसे काढली आणि सरतेशेवटी एक निळी चप्पल काढली.

"अरे, ही तर माझी!" विद्याधर हर्षभराने उद्गारला. "होळीपासून शोधतोय!"

सारी ओळ चपलेवरून नजर उचलून विद्याधरकडे पाहू लागली.

"स्वतः वर चढून बघितलीस ना?" लता म्हणाली. "एकदम क्लीन."

टाकी घासूनपुसून धुण्यात आली आणि चार दिवसांत आठही घरांची पोटे ताळ्यावर आली. कुंडलिकराव तेवढे खिन्न होते. त्यांचा काढा गटारास मिळाला होता.

"आपल्या विद्येचा काही उपयोग झाला नाही," ते म्हणाले.

"झाला की," मीराबाई म्हणाल्या, आणि लसूण सोलू लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर लता रिकामे पातेले घेऊन दारात उभी राहिली.

"काका, तुमचा तो काढा मिळेल? जरा जास्त लागेल."

कुंडलिकरावांचा ऊर भरून आला. आजवर काढा मागण्यास कोणीच आले नव्हते. "अवश्य! कोणाचं पोट बिघडलं?"

"अजून कोणाचं नाही. पण आमचा विद्याधर परत 'येत्या रविवारी' म्हणायला लागलाय." तिने वर टाकीकडे पाहिले. "मोगऱ्याला घालायच्या आधी मी एक घोट घेतला होता, काका. ती चव विसरते काय!"

कुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. आत मीराबाईंनी, कोणी न सांगता, मोठे पातेले शेगडीवर चढविले होते.