घर बंद

गजभियेकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. म्हणाले, "तीनशे दोन ना? काल गीझर बराच चालला तुमच्याकडे. पाहुणे आलते का?"

आम्ही दोघी, म्हणजे आई आणि मी, शहराच्या टोकाला वाडीतली भाड्याची जागा सोडून या फ्लॅटमध्ये आलो त्याला दोनच दिवस झाले होते. पाहुणे खरंच आले होते, मामा आणि मामी. मी "नाही" म्हणाले. अनोळखी माणसाला लगेच खरं सांगायची मला सवय नाही.

काका हसले. "माणूस खोटं बोलते, बेटा. मीटर नाही बोलत."

काकांचा जन्म मीटर रीडिंगमध्ये गेला. रिटायर झाल्यावर काम संपलं, पण ते त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नव्हतं. रोज सकाळी सातला ते टॉर्च आणि डायरी घेऊन खाली येत. पार्किंगच्या भिंतीवर आमच्या इमारतीची बारा मीटर आहेत. प्रत्येकासमोर उभं राहून ते आकडा मोठ्याने वाचत, लिहीत आणि मग जो समोर येईल त्याला बातम्या सांगत.

"एकशे तीनवाल्यांचं भांडण मिटलं बरं का ताई," एकदा ते आईला म्हणाले. "आठ दिवस दोन खोल्यांत दोन कूलर चालून राहिले होते. कालपासून एकच आहे."

आई पदर तोंडाला लावून हसली. मी वर येऊन पडदे ओढले. पडद्यांचा इथे काही उपयोग नव्हता हे मला कळत होतं, तरी ओढले. मग सेक्रेटरींसाठी एक मेसेज लिहिला, मीटरच्या भिंतीसमोर जाळीचं दार करून कुलूप लावावं अशी विनंती. वाचून पाहिला आणि पाठवला नाही. माझे बहुतेक मेसेज असेच फोनमध्ये राहतात.

शिवाय काकांची गरज होती. आमचं वीजबिल कोणा बाबूलाल नावाच्या माणसाच्या नावाने येत होतं. ज्यांच्याकडून फ्लॅट घेतला त्यांनाही बाबूलाल माहीत नव्हते. वीज कंपनीच्या ऑफिसात म्हणाले, बाबूलालांची सही आणा. मी म्हणाले, ते कोण आहेत? ते म्हणाले, ते तुम्हाला माहीत पाहिजे. फॉर्म मराठीत होता आणि माझी शाळा इंग्रजी. "भोगवटादार" या शब्दापाशी मी इतका वेळ थांबले की मागच्या आजोबांनी मला खुर्ची दिली.

घरी येऊन फोनवर शोधलं. एका परदेशी पानावर लिहिलं होतं की नव्या घरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वीज कंपनी बदलून टाकावी, पाच सोप्या पायऱ्या. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी धीर करून काकांना विचारलं, "काका, आपण कंपनीच बदलली तर?"

काकांनी टॉर्च बंद केला. "लाइट का दूध आहे का वं? हा गवळी नाही जमला, तर तो लावला?" मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून त्यांनी सगळं समजावलं. मीटर कोणाचं, तार कोणाची, कनेक्शन कोणाचं, नाव कोणाचं. "अन् लाइट आपली मौद्याची, इथल्याच पॉवर प्लांटची. मौद्याची लाइट डोळ्याले थंड लागते." अर्ध्या तासानंतर मला आधी जेवढं समजत होतं तेवढंही समजेनासं झालं.

त्याच गोंधळात मी विचारलं, "रीडिंगला गेल्यावर घराला कुलूप असलं तर?"

"तर शेरा लिहायचा. 'घर बंद'." ते स्वतःच्या मीटरकडे बघत होते. "बेक्कार शेरा. मले कधी लिवावासा नाही वाटला. दोनदोन चकरा मारायचो मी." मग त्यांनी आकडा वाचला. "गजभिये, दोन युनिट. हिच्या टाइमले पाच राहायचे."

काकूंना जाऊन चार वर्षं झाली, हे आईने मला नंतर सांगितलं.

उन्हाळ्यात काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रामदासपेठेतल्या दवाखान्यात ॲडमिट झाले. मुलगा पुण्याहून थेट दवाखान्यात येणार होता. जाताना त्यांनी कुंड्यांच्या पाण्यासाठी घराची चावी आईला दिली, आणि मला डायरी. "रोज फोन करीन. खाडा नको करू."

डायरीत प्रत्येक घराचं पान होतं. आमच्या पानावर बाबूलाल खोडलेले होते आणि त्यावर आईचं आणि माझं नाव लिहिलं होतं, आम्ही आलो त्या दिवसाच्या तारखेने. ऑफिसला तीन महिन्यांत जमलं नव्हतं ते. माझं नाव त्यांनी कोणाला विचारलं असेल, कोण जाणे.

पहिल्या सकाळी मी बारा आकडे फोनवर वाचून दाखवले. अकरा घरांची चौकशी झाली. मग ते म्हणाले, "अन् माझं?"

"कालचाच आकडा आहे, काका."

"हो. मेन बंद करून आलतो मी. सवय." त्यांच्या मागून ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला. "मग शेरा लिव."

"कोणता?"

"माहीत आहे तुले. मीटर खोटं बोलत नाही."

मी पेन उघडलं. 'घर' लिहिलं. पुढचा शब्द मला फॉर्ममधल्या शब्दांसारखा अवघड नव्हता, तरी लिहिता आला नाही. मी वर गेले, आईने खिळ्याला अडकवलेली चावी घेतली आणि काकांचं दार उघडलं. आत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या, एकीवर घडी केलेली शाल. मी मेन चालू केली, हॉलचा पंखा लावला, एक दिवा लावला आणि तसंच ठेवून दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. मी अकरा आकडे वाचले आणि ते विचारायच्या आधीच मी म्हणाले, "गजभिये, दोन युनिट."

पलीकडे ते मनात हिशेब करत होते हे मला कळत होतं. मी पकडले गेले, असं वाटलं.

"एक पंखा अन् एक दिवा," काका शेवटी म्हणाले. "बरं आहे. कोणीतरी असन घरी."